हौसेची सोनोग्राफी : करावी की टाळावी?

पूर्वी गर्भवतीच्या पोटातील बाळाची ओळख दोनच गोष्टींनी होत असे. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळ हालू लागे आणि सुईण किंवा डॉक्टर पोटावर हात ठेवून त्याची ठेवण सांगत. आता सोनोग्राफीने बाळाचे ठोके पाहता येतात, त्याचे वजन अजमावता येते आणि नव्या यंत्रांवर त्याचा चेहराही बराचसा दिसतो. विज्ञानाची ही देणगी मोठी आहे. पण देणगी मिळाली की तिच्याबरोबर हौसही येते. 'आमच्या बाळाचा चेहरा पाहायचा आहे, एक फोटो काढून द्या' अशी मागणी आता मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही ऐकू येते. कोणाच्या नणंदेने परदेशातून बाळाच्या चेहऱ्याची चित्रफीत पाठविलेली असते. कोणाला डोहाळजेवणाच्या दिवशी पाहुण्यांना दाखविण्यासाठी फोटो हवा असतो. तपासणीला आलेल्या सुनेबरोबरच्या सासूबाई म्हणतात, "बाई, एकडाव लेकराचं तोंड पाहू द्या की, त्यात काय बिघडतं?"

सासूबाईंचा हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर द्यायला हवे. वैद्यकीय कारण नसताना, केवळ आठवण म्हणून सोनोग्राफी करावी की करू नये, याचा विचार आजच्या लेखात करू.

सोनोग्राफी म्हणजे काय?

माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापेक्षा जास्त कंपनांच्या आवाजाला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. सोनोग्राफीत सेकंदाला काही दशलक्ष कंपने असलेला ध्वनी पोटावर ठेवलेल्या यंत्राच्या मुठीतून आत सोडतात. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसा हा ध्वनी बाळाच्या हाडांवरून, कातडीवरून आणि गर्भजलाच्या कडेवरून परत येतो. त्या प्रतिध्वनीवरून यंत्र पडद्यावर चित्र तयार करते. ग्लासगो येथील डॉक्टर इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये या तंत्राविषयीचा निबंध प्रसिद्ध केला आणि तेथून प्रसूतिशास्त्रात त्याचा वापर वाढत गेला.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. त्यामुळे एक्स-रेबद्दल गर्भवतीला जी भीती असते, ती येथे बाळगण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी कारण सांगून सोनोग्राफी लिहून दिली असेल, तर ती निःशंकपणे करून घ्यावी. हा लेख वाचून कोणीही जरुरीची तपासणी टाळू नये, ही माझी पहिली विनंती आहे.

जरुरीची सोनोग्राफी कोणती?

सोनोग्राफी हे एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे साधन आहे. गरोदरपणात हे प्रश्न ठराविक वेळी पडतात.

पहिल्या तीन महिन्यांत प्रश्न असतो, गर्भ गर्भाशयातच आहे ना? ठोके आहेत ना? बाळ एक की जुळे? आणि दिवस नेमके किती भरले? पाळीची तारीख आठवत नसलेल्या भगिनींना या वेळच्या सोनोग्राफीचा मोठा उपयोग होतो, कारण बाळाचे वय या काळात सर्वात बिनचूक कळते. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या तपासणीत काही जन्मजात दोषांचा अंदाजही घेता येतो.

दुसरी महत्त्वाची वेळ म्हणजे १८ ते २० आठवडे, अर्थात पाचवा महिना. या तपासणीत डोके, पाठीचा कणा, हृदय, पोट, मूत्रपिंडे आणि हातपाय एकेक करून पाहतात. वार कोठे चिकटली आहे तेही कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात प्रत्येक गर्भवतीची २४ आठवड्यांच्या आत निदान एक सोनोग्राफी व्हावी असे सांगितले आहे. मला एकच तपासणी निवडायला सांगितली, तर मी पाचव्या महिन्याची निवडीन. गंभीर दोष आढळलाच, तर पुढचा सल्ला घ्यायला आणि निर्णय करायला तेव्हा हातात वेळ असतो.

शेवटच्या तीन महिन्यांत गरजेप्रमाणे बाळाची वाढ, गर्भजलाचे प्रमाण आणि वारेची जागा पाहतात. याखेरीज अंगावरून रक्त जाणे, रक्तदाब वाढणे, बाळाची हालचाल कमी होणे, पोटाचा आकार महिन्याच्या मानाने लहान किंवा मोठा वाटणे, अशा वेळी डॉक्टर आणखी सोनोग्राफी सांगतील. त्या प्रत्येक वेळी चिठ्ठीवर कारण लिहिलेले असते.

हौसेच्या सोनोग्राफीत असे कारण नसते. तेथे फक्त चेहरा पाहायचा असतो.

मग अपाय काय?

येथे मला कोणाला घाबरवायचे नाही. आजवर जगात कोट्यवधी गर्भवतींची सोनोग्राफी झाली आहे आणि योग्य रीतीने केलेल्या तपासणीमुळे बाळाला इजा होते असे सिद्ध झालेले नाही. मात्र ध्वनी ही ऊर्जा आहे. शरीरात शिरल्यावर तिच्यामुळे पेशी किंचित गरम होऊ शकतात आणि काही परिस्थितीत द्रवामध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार होऊ शकतात. रक्तप्रवाह मोजणाऱ्या डॉप्लर पद्धतीत ही ऊर्जा साध्या चित्रापेक्षा जास्त लागते. म्हणून जगभरच्या तज्ज्ञांचा नियम असा की, हवी ती माहिती मिळण्यापुरतीच ऊर्जा वापरावी आणि कमीत कमी वेळ वापरावी. चेहरा नीट दिसेपर्यंत अर्धा-पाऊण तास यंत्र फिरवीत बसणे या नियमात बसत नाही. औषध निर्धोक आहे म्हणून आपण ते चवीसाठी पीत नाही, तसेच हे आहे.

ज्या देशांतून ही हौस आपल्याकडे आली, तेथील सरकारेही तिच्या बाजूची नाहीत. अमेरिकेत बाजारपेठेतील दुकानात असे फोटो काढून देण्याचा धंदा चालतो. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये गर्भवतींना असे आठवणीचे फोटो टाळण्याचा सल्ला दिला. जर्मनीने तर १ जानेवारी २०२१ पासून वैद्यकीय कारणाशिवाय गर्भाची सोनोग्राफी करण्यावर बंदीच घातली. तेव्हा 'परदेशात सगळे करतात' हे म्हणणे पुरते खरे नाही.

शरीराला होणाऱ्या अपायापेक्षा मला दोन गोष्टींची चिंता जास्त वाटते. पहिली खोट्या दिलाशाची. चेहरा गोड दिसला म्हणजे बाळ चांगले आहे, अशी घरच्यांची समजूत होते. हृदयातील छिद्र, मूत्रपिंडाची सूज किंवा वारेची चुकीची जागा चेहऱ्याच्या फोटोत दिसत नाही. 'फोटो काढला, आता पुन्हा सोनोग्राफी कशाला?' असे म्हणून जरुरीची तपासणी राहून जाते. दुसरी गोष्ट खोट्या भीतीची. चेहऱ्याचे चित्र चांगले येण्यासाठी चेहऱ्यासमोर पुरेसे गर्भजल लागते आणि बाळाचे तोंड समोर असावे लागते. बाळाने तोंडावर हात घेतला असेल, तोंड पाठीकडे वळवले असेल किंवा वार मध्ये आली असेल, तर चित्र वेडेवाकडे येते. मग ओठ फाटलेला आहे की काय, नाक असे का, या शंकेने बाईची झोप उडते.

गेल्या काही वर्षांत पाहिलेले एक उदाहरण सांगते. तालुक्यातील एका खेड्यातून पहिलटकरीण सून आठव्या महिन्यात तपासायला आली. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नेमकी सोयाबीनच्या सोंगणीत आली, म्हणून राहून गेली होती. राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचे म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते, हेही खरेच. आता मात्र डोहाळजेवण जवळ आले होते आणि नवऱ्याने फोटोसाठी पैसे बाजूला ठेवले होते. मी पोट मापले, तर ते महिन्याच्या मानाने लहान लागले. हातात रक्त कमी असल्याची निशाणी दिसत होती. मी सोनोग्राफी लिहून दिली, पण कारण लिहिले 'बाळाची वाढ पाहणे'. तपासणीत गर्भजल कमी आणि बाळाचे वजन कमी निघाले. तिला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. पुढे बाळ लहानखुरे, पण सुखरूप जन्मले. त्याच दिवशी ती चेहऱ्याचा फोटो काढून परतली असती, तर गर्भजल कमी असल्याने फोटो धूसर आला असता आणि घरच्यांनी यंत्राला नावे ठेवली असती. गर्भजल कमी का, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. याच यंत्राने बाळाचे लिंगही दिसते आणि त्याचा आपण काय उपयोग केला हे जनगणनेत नोंदलेले आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात २००१ मध्ये ९०८ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ वर आल्या. सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. दरवर्षी १२ जानेवारीला आपण जिजाऊ माँसाहेबांना वंदन करायला तेथे जातो. त्याच जिल्ह्यात दर हजारी जवळजवळ दीडशे मुलींची तूट पडावी, याची खंत प्रत्येक घराला वाटली पाहिजे.

गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या केंद्रातच, पात्र डॉक्टरांनीच आणि ठरलेल्या वैद्यकीय कारणासाठीच गर्भवतीची सोनोग्राफी करता येते. प्रत्येक वेळी 'एफ' नमुन्याचा अर्ज भरावा लागतो. त्यात नाव, पत्ता, आधीची मुले, शेवटच्या पाळीची तारीख, पाठविणारे डॉक्टर आणि तपासणीचे कारण लिहायचे असते. कारणांची यादी अर्जातच छापलेली आहे आणि कारण असेल तेव्हाच सोनोग्राफी करावी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. गर्भाचे वय ठरविणे, रक्तस्राव, जुळे, वाढ, वारेची जागा अशी ती कारणे आहेत. आठवण, हौस किंवा डोहाळजेवण हे कारण त्या यादीत नाही. लिंग जाणून घ्यायचे नाही असे गर्भवती लिहून देते आणि लिंग पाहिले वा सांगितले नाही असे डॉक्टर लिहून देतात.

तेव्हा 'फक्त चेहरा पाहायचा आहे' म्हणून कोणी डॉक्टरांना गळ घालीत असेल, तर आपण त्यांना खोटे कारण लिहायला सांगत आहोत, हे ध्यानात घ्यावे. डॉक्टरांनी नकार दिला तर तो तुसडेपणा समजू नये. अर्जातील त्रुटीसुद्धा त्यांच्यावर गुन्हा ठरू शकते. गर्भलिंग चाचणी करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. चाचणी करवून घेण्यासाठी जाणाऱ्या नातेवाइकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. बळजबरीने आणलेल्या स्त्रीला मात्र शिक्षा नाही. उलट सिद्ध होईपर्यंत नवरा व नातेवाइकांनीच तिला भाग पाडले असे न्यायालय गृहीत धरते. माझ्या भगिनींनी हे कलम लक्षात ठेवावे.

चेहरा पाहण्याच्या मागणीमागे कधी कधी वेगळाच हेतू असतो, हेही उघड बोलले पाहिजे. पहिल्या दोन मुली असल्या की काही घरांत बाळाच्या चेहऱ्याची ओढ एकाएकी वाढते. पेढे वाटायचे की जिलेबी, एवढेच कळावे असे आडून विचारले जाते. सगळेच तसे नसतात. बहुतेक जोडप्यांची ओढ निर्मळ असते. पण यंत्राला निर्मळ आणि मळका हेतू वेगळा ओळखता येत नाही, म्हणून कायद्याने दोघांनाही एकच दार ठेवले आहे. ते दार म्हणजे वैद्यकीय कारण.

घरी ठोके ऐकण्याचे यंत्र

अलीकडे बाळाचे ठोके घरी ऐकण्याची छोटी यंत्रेही विकत मिळतात. तीही घेऊ नयेत असे माझे मत आहे. शिकलेल्या कानाशिवाय आईच्या नाडीचा आवाज बाळाचा समजला जातो. बाळाची हालचाल मंदावलेली असताना यंत्रात टकटक ऐकू आली, म्हणून घरी थांबणे फार धोक्याचे आहे. सातव्या महिन्यानंतर बाळाची रोजची हालचाल हीच त्याची खुशाली. नेहमीपेक्षा ती कमी वाटली, तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावे आणि तरीही कमीच वाटली, तर दिवस असो वा रात्र, सरळ दवाखाना गाठावा.

मग आठवण कशी ठेवावी?

हौस वाईट नाही. आईबापांना बाळाची ओढ वाटणे हे बाळाच्या भाग्याचेच लक्षण आहे. जरुरीच्या सोनोग्राफीच्या वेळीच डॉक्टरांना विनंती करावी की, जमल्यास बाळाचे ठोके आणि हातपाय दाखवा. बरेच डॉक्टर दाखवितात. वेळ नसेल किंवा त्यांचा नियम वेगळा असेल, तर आग्रह धरू नये. तपासणीच्या कागदासोबत काही चित्रे मिळतात, ती जपून ठेवावीत. त्यावर तारीख असते आणि पुढच्या डॉक्टरांनाही ती उपयोगी पडतात. दरमहाच्या तपासणीत ठोके ऐकवा म्हणून सांगावे.

बाळ प्रथम हालले तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. बापाने रोज संध्याकाळी दोन शब्द बोलावेत, आजीने ओवी म्हणावी. डोहाळजेवणाला हिरव्या साडीतील आईचा फोटो काढावा. त्यात बाळही आलेच.

आणि फोटोसाठी बाजूला ठेवलेले पैसे आईच्या खाण्यावर खर्च करावेत. गूळ-शेंगदाणे, डाळी, हिरव्या भाज्या, चालत असल्यास अंडी आणि न चुकता लोहाच्या गोळ्या. रक्त भरलेले असेल, तर बाळाचा चेहराही भरलेला असतो.

तपासणीच्या खर्चाची अडचण असेल तर हेही माहीत असावे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात गर्भवतीच्या आवश्यक तपासण्या मोफत आहेत, त्यात सोनोग्राफीही येते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची मोफत तपासणी होते. आपल्या गावच्या आशाताईंना विचारल्यास कोठे आणि कसे जायचे ते त्या सांगतील.

निर्णय करताना

सोनोग्राफीला निघण्यापूर्वी नवरा-बायकोने मिळून चार प्रश्न विचारावेत.

१. ही तपासणी कोणत्या डॉक्टरांनी आणि कोणत्या कारणासाठी लिहून दिली आहे?

२. हिच्यातून जे कळेल, त्याने उपचारात काही फरक पडणार आहे काय?

३. पाचव्या महिन्याची तपासणी झाली आहे काय? नसेल, तर आधी डॉक्टरांना ते सांगितले आहे काय?

४. जायचे ते केंद्र नोंदणीकृत आहे काय? 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले आहे काय?

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर सोनोग्राफी करू नये. उत्तर असेल, तर घरात कितीही काम असले तरी ती चुकवू नये. सोंगणी दोन दिवस मागे-पुढे होते, पाचवा महिना होत नाही.

बाळाचा चेहरा नऊ महिन्यांनी आईच्या कुशीत कोणत्याही यंत्राशिवाय दिसणारच आहे. तोपर्यंत ते आणि त्याची आई सुखरूप राहावी, एवढ्यासाठीच सोनोग्राफीचा उपयोग करू या.